सावकाश वाढणाऱ्या लिम्फोमासाठी नव्या औषधजोडीची चाचणी: विदर्भातल्या गावातून सहभागी होण्यापूर्वी

मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणारी गाठ आली, तिची बायोप्सी झाली आणि अहवालावर ‘फॉलिक्युलर लिम्फोमा’ असे लिहून आले, की आता हाती किती वेळ आहे हाच प्रश्न घरातल्या सगळ्यांना पडतो. लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग आहे आणि त्याचे अनेक प्रकार आहेत. काही प्रकार आठवड्या-दोन आठवड्यांत वाढतात. फॉलिक्युलर, मार्जिनल झोन यांसारखे प्रकार मात्र बहुधा वर्षानुवर्षे सावकाश चालतात. ते औषधाला चांगली दाद देतात, बराच काळ शांत राहतात, पण शरीरभर पसरलेल्या अवस्थेत असतील तर सहसा कधीतरी पुन्हा डोके वर काढतात. हा शांत काळ कसा लांबवता येईल, यासाठीच जगभर नवनव्या औषधांच्या जोड्या तपासल्या जातात आणि एखाद्या भेटीत डॉक्टर म्हणतात, “एक ट्रायल सुरू आहे, तुम्हाला त्यात घेता येईल.”

हे मार्गदर्शन अशा रुग्णासाठी आहे, आणि त्याच्या घरात जो कोणी कागद वाचतो त्या मुलासाठी, सुनेसाठी, भावासाठीही आहे. माझे मुख्य सांगणे असे की या आजारात निर्णय घ्यायला बहुतेक वेळा पुरेसा वेळ असतो, आणि हा वेळ पूर्णपणे वापरणे हा रुग्णाचा हक्क आहे. ज्या दिवशी चाचणीचे नाव पहिल्यांदा कानावर पडले, त्याच दिवशी सही करण्याचे कारण क्वचितच असते.

आधी निदान पक्के करा

आपल्या भागात मानेतली गाठ म्हणजे क्षय, असे धरून चालण्याची सवय आहे. क्षयरोग इतका आढळतो की हा अंदाज अनेकदा बरोबरही निघतो. पण क्षयाची औषधे घेऊनही गाठ तशीच राहिली, किंवा कमी होऊन पुन्हा वाढली, तर गाठ पूर्ण काढून तपासण्याचा आग्रह धरावा. सुई टोचून केलेल्या तपासणीत संशयास्पद पेशी दिसू शकतात, परंतु लिम्फोमाचा नेमका प्रकार ठरवायला गाठीची आतली रचना पाहावी लागते आणि त्यासाठी शक्यतो अख्खी गाठ हवी असते. त्यानंतर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री या तपासणीने पेशींवर सीडी२०, सीडी१० यांसारखी कोणती प्रथिने आहेत ते पाहतात. बायोप्सीपूर्वी कोणी स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने दिली असतील तर ते न लपवता सांगावे, कारण स्टिरॉइडने गाठ तात्पुरती आकसते आणि निदान अवघड होते.

चाचणीत प्रवेश देण्यापूर्वी बहुतेक ठिकाणी हा नमुना पुन्हा तपासला जातो. म्हणून ज्या प्रयोगशाळेत बायोप्सी झाली तिथून अहवालाबरोबर गाठीचा तुकडा जपलेले मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइडही मागून घ्याव्यात, त्यांची पोच जपून ठेवावी, आणि मे महिन्यात ही पेटी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवू नये. गाठ एकदा काढली की तोच नमुना पुढची अनेक वर्षे उपयोगी पडतो.

विदर्भातल्या रुग्णांनी आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगावी. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. घरात कोणाला तो असेल, किंवा तुमची स्वतःची तपासणी कधी झाली असेल, तर त्याचा कागद सोबत न्यावा. हिमोग्लोबिन किती असावे याची अट चाचणीत असते. हिमोग्लोबिन कमी असण्याचे कारण लिम्फोमा आहे की सिकलसेल, पानथरी वाढली आहे ती लिम्फोमामुळे की जुन्या हिवतापामुळे, याचा उलगडा आधी झाला तर रुग्णाला चुकीच्या गटात मोजले जात नाही.

उपचार आत्ताच हवा आहे का

हा प्रश्न विचारायला लोक कचरतात. कॅन्सर झाला आहे आणि डॉक्टर औषध देत नाहीत, हे गावात समजावून सांगणे कठीण जाते. शेजारीपाजारी तर दवाखाना बदला म्हणून मागे लागतात. पण या आजारात त्रास नसताना नुसते लक्ष ठेवणे ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात लक्षणे नसलेल्या ३०९ रुग्णांना दोन गटांत विभागले होते. एका गटाला क्लोरॅम्ब्युसिल हे औषध लगेच सुरू केले, दुसऱ्या गटावर फक्त लक्ष ठेवले. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. हा अभ्यास आजची औषधे येण्यापूर्वीचा आहे हे खरे. तरीही लक्षणे नसतील तर थांबण्याने आयुष्य कमी होत नाही, हा त्याचा धडा आजही उपचारांच्या आखणीत मानला जातो.

उपचार केव्हा सुरू करावा यासाठी डॉक्टर काही खुणा पाहतात. एखादी गाठ ७ सेंटिमीटरपेक्षा मोठी असणे, तीन वेगवेगळ्या भागांत प्रत्येकी ३ सेंटिमीटरहून मोठ्या गाठी असणे, कारण न सापडणारा ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणे, गाठीने मूत्रनलिका किंवा दुसरा एखादा अवयव दाबला जाणे, छातीत किंवा पोटात पाणी होणे, रक्तातल्या पेशी घटणे, अशा त्या खुणा आहेत. यांतली कोणती खूण तुमच्यात आहे, हे डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या. एकही नसेल आणि तरीही चाचणी सुचवली जात असेल, तर ती चाचणी लक्षणे नसलेल्या रुग्णांसाठीच आखलेली आहे का, हे स्पष्ट विचारावे. काही चाचण्या तशा असतात. मात्र तिथे औषधाच्या त्रासाचे पारडे अधिक काळजीने तोलावे लागते, कारण रुग्ण आज चालता-फिरता असतो.

चाचणी कोणता प्रश्न विचारते आहे

प्रत्येक चाचणी एकच मोठा प्रश्न घेऊन उभी असते आणि रुग्णाने तो आपल्या शब्दांत सांगता येईपर्यंत विचारत राहावे. पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत मात्रा किती सुरक्षित आहे हे पाहतात, दुसऱ्यात औषधाचा परिणाम किती रुग्णांत दिसतो ते पाहतात, आणि तिसऱ्यात नव्या जोडीची तुलना आजच्या चांगल्या उपचाराशी करतात. पहिल्या टप्प्यातल्या अनिश्चिततेची तयारी तिसऱ्या टप्प्यापेक्षा पुष्कळ वेगळी असते, म्हणून टप्पा कोणता हे पहिल्याच भेटीत विचारावे.

जोडी कशी बनते हेही समजून घ्यावे. अमेरिकेत १९९७ मध्ये मंजुरी मिळालेले रिटुक्सिमॅब हे औषध लिम्फोमाच्या पेशीवरील सीडी२० या प्रथिनाला चिकटते आणि पेशी नष्ट करायला मदत करते. त्याची भारतीय बनावटीची आवृत्ती २००७ पासून आपल्याकडे मिळते. पुढच्या बहुतेक जोड्या याच औषधाभोवती उभ्या राहिल्या. जर्मनीतल्या एका चाचणीत रिटुक्सिमॅबला बेंडामस्टिन या केमोथेरपीच्या औषधाची जोड दिली, आणि २०१३ मध्ये दिसून आले की आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ जुन्या आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि केमोथेरपीची अनेक औषधे) उपचारात ३१.२ महिने होता, तो या जोडीत ६९.५ महिने झाला. मध्यक काळ म्हणजे निम्म्या रुग्णांचा आजार ज्या काळापर्यंत पुन्हा वाढला नाही तो काळ. तुमच्या स्वतःच्या वाट्याला नेमके तितकेच महिने येतील असे त्यातून ठरत नाही.

त्यानंतर केमोथेरपीशिवायच्या जोड्या आल्या. उलटलेल्या फॉलिक्युलर आणि मार्जिनल झोन लिम्फोमाच्या ३५८ रुग्णांच्या चाचणीत एका गटाला रिटुक्सिमॅबबरोबर लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल दिल्या, दुसऱ्याला रिटुक्सिमॅबबरोबर औषध नसलेल्या दिसायला सारख्या कॅप्सूल, म्हणजे प्लासिबो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आजार शांत राहण्याचा मध्यक काळ १४.१ महिन्यांवरून ३९.४ महिन्यांवर गेला होता. पण त्याच चाचणीत संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी तीव्रपणे घटण्याचे प्रमाण प्लासिबो गटात १३ टक्के, तर जोडीच्या गटात सुमारे ५० टक्के होते. ज्याचे घर रुग्णालयापासून चार तासांवर आहे, त्याने या दोन आकड्यांकडे सारख्याच लक्षाने पाहावे असे मला वाटते. आता या दोन औषधांना टाफासिटामॅबसारखे तिसरे औषध जोडले गेले आहे; २०२५ मध्ये अमेरिकेत या तिहेरी जोडीला उलटलेल्या फॉलिक्युलर लिम्फोमासाठी मंजुरी मिळाली.

दोन चांगली औषधे एकत्र आली की दुप्पट फायदाच होईल, असे मात्र समजू नये. आयडेलालिसिब या गोळीने एकटीने काही रुग्णांत चांगला परिणाम दाखवला होता. पण तिला इतर औषधांची जोड देऊन सुरू केलेल्या अनेक चाचण्या मार्च २०१६ मध्ये थांबवाव्या लागल्या, कारण त्या गटांत गंभीर त्रास आणि मृत्यू, विशेषतः संसर्गाने होणारे, अधिक दिसले. लेनालिडोमाइड आणि रिटुक्सिमॅबबरोबर तिची तिहेरी जोडही अति त्रासामुळे सोडून द्यावी लागली. चाचण्यांवर देखरेख होती म्हणूनच हे लवकर लक्षात आले, आणि म्हणूनच ‘या जोडीत याआधी किती रुग्णांनी औषध घेतले आणि त्यांना कोणता त्रास झाला’ हा प्रश्न विचारताना संकोच करू नये.

तिसऱ्या टप्प्यात कोणत्या रुग्णाला कोणता गट मिळेल हे संगणक चिठ्ठी काढल्याप्रमाणे ठरवतो. डॉक्टरांच्या हातात ते नसते, आणि ओळख काढूनही ते बदलत नाही. नवे वाण खरोखर सरस आहे का हे पाहायचे तर ते जुन्याच्या शेजारी, एकाच वावरात, एकाच पावसावर पेरून पाहावे लागते. गटांची वाटणीही याच कारणासाठी असते. तुमच्या वाट्याला जुना उपचार आला तर तो आजचा चांगला उपचार आहे ना, इतके मात्र खात्रीने तपासा. लिम्फोमाच्या चाचण्यांत प्लासिबो असलाच तर तो बहुधा नेहमीच्या उपचारावर वरून दिलेला असतो, पण हे गृहीत न धरता माहितीपत्रकात शोधून वाचावे.

कागद

भारतात अशा चाचण्या ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९’ यांखाली चालतात. चाचणीला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि त्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागी रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. या समितीत किमान सात सदस्य असतात, त्यांतले निदान निम्मे त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात, आणि त्यांत एक कायद्याचा जाणकार व एक सामान्य नागरिक असतो. चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत झालेली असली पाहिजे; २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्या. मोबाइलवर तो टाकला की चाचणी कोणत्या शहरांत सुरू आहे, कोणाला घेतले जाते, कोणाला घेतले जात नाही आणि मुख्य मोजमाप काय आहे, हे सारे दिसते. पाने इंग्रजीत असतात, पण गावातल्या शिक्षकाला किंवा कॉलेजात शिकणाऱ्या पोरीला सोबत बसवून ती नक्की वाचता येतात. नोंदणी क्रमांक सांगायला कोणी टाळाटाळ करत असेल, तर तिथेच थांबावे.

रुग्ण माहितीपत्रक आणि संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. मराठी प्रत मागा. गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्या वृद्ध रुग्णाला मराठी प्रतही परकी वाटू शकते. अशा वेळी घरातल्या माणसाने ओळीओळीने अर्थ सांगावा आणि डॉक्टरांनी तेवढा वेळ द्यावा. ज्याला वाचता येत नाही त्याच्या संमतीच्या वेळी एक निष्पक्ष साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असावा लागतो आणि त्याची सही असावी लागते. चाचणी घेणाऱ्या चमूतला माणूस असा साक्षीदार होऊ शकत नाही. अगदी नव्या रासायनिक घटकाच्या चाचणीत दुर्बल गटातील व्यक्तीची संमती घेताना त्या प्रक्रियेचे ध्वनिचित्रमुद्रणही बंधनकारक आहे. कॅमेरा समोर आला म्हणून घाबरून ‘हो, हो’ म्हणू नये. तुमचे प्रश्न त्यात नोंदले जातात, हा त्या मुद्रणाचा खरा उपयोग आहे.

संमतीपत्रात रुग्णाचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचे नाव लिहायचे रकाने असतात. हे रकाने घाईत रिकामे सोडू नयेत. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला द्यायची यासाठी वारसाचे नाव लागते. आधार कार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर जसे नाव आहे तसेच ते लिहावे. गावात घरचे नाव एक आणि कागदावरचे दुसरे असते, आणि पुढे तोच घोळ नडतो. चाचणीमुळे इजा झाली तर गरज असेपर्यंत, किंवा ती इजा चाचणीमुळे झालेली नाही हे सिद्ध होईपर्यंत, मोफत उपचार मिळण्याची तरतूद नियमांत आहे. कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू आला तर ठरलेल्या सूत्राने भरपाई मिळते.

पैशाचे प्रश्न निःसंकोच विचारावेत. नवे औषध मोफत मिळते, पण सोबतचे रिटुक्सिमॅब कोण देणार? पेट स्कॅन (अंगभर आजार कुठे आहे हे दाखवणारी चित्रतपासणी), रक्ताच्या तपासण्या, भरती व्हावे लागले तर खाटेचा खर्च, प्रवासाचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, यांतले काय कंपनी देते आणि काय तुम्हाला द्यावे लागते, हे माहितीपत्रकातच शोधा. आरोग्य योजनेतून काय भागेल हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. चाचणी संपल्यावर औषध उपयोगी ठरले असेल तर ते पुढे मिळेल का, हेही विचारावे. काही अटी पूर्ण झाल्या तर ते मोफत देत राहण्याची तरतूद नियमांत आहे, मात्र त्यासाठी डॉक्टरांची शिफारस आणि एथिक्स कमिटीची मंजुरी लागते.

संमतीपत्राची सही झालेली प्रत तुमच्या हातात आल्याशिवाय निघू नका. शक्य असेल तर सही करण्यापूर्वी कोरी प्रत घरी आणा, दोन-चार दिवस ठेवा, घरातल्यांसोबत बसून वाचा. सही करायची नाही असे ठरले तर नेहमीचा उपचार त्याच दवाखान्यात मिळत राहतो, आणि एकदा सही केल्यावरही कोणत्याही दिवशी बाहेर पडता येते.

अंतर, हंगाम आणि ताप

चाचणी मुंबईला परळला असो, की नागपूरला, भेटींचे वेळापत्रक आधी कागदावर उतरवून घ्या. सुरुवातीच्या काही आठवड्यांत दर आठवड्याला जावे लागते, पुढे महिन्यातून एकदा, आणि नंतरचा पाठपुरावा काही वर्षे चालतो. उपचाराचे चक्र बहुधा २८ दिवसांचे असते, त्यामुळे ते दर वेळी त्याच वारी येते. मंगळवारी सुरू झाले तर पुढेही मंगळवारीच. घरातल्या कॅलेंडरवर वर्षभराच्या तारखा खुणा करून ठेवाव्यात आणि त्या तारखांना पेरणी, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, धानाची रोवणी यांतले काय येते ते पाहावे. पावसाळ्यात भामरागडसारख्या भागांत पुराने रस्ते बंद पडतात. अशा गावच्या रुग्णाने जुलै-ऑगस्टमधल्या तारखांचे काय करायचे, आधी दोन दिवस नागपूरला येऊन राहायचे का, हे को-ऑर्डिनेटरशी, म्हणजे चाचणीच्या भेटी आणि कागद सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याशी, बोलून ठेवावे. दोन-तीन दिवसांची सूट बहुतेक वेळापत्रकांत असते. ती किती, ते विचारावे. रेल्वेत शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात कर्करोगाच्या रुग्णाला पूर्ण आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत असते. तिच्यासाठी ठरावीक नमुन्यातले डॉक्टरांचे प्रमाणपत्र पहिल्याच भेटीत घेऊन ठेवा.

सर्वांत महत्त्वाची तयारी तापाची आहे. न्यूट्रोफिल पेशी कमी असताना ताप आला तर तो तातडीचा प्रसंग असतो आणि तासाभराचा उशीरही महागात पडू शकतो. घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सियस इतका ताप आला, किंवा हुडहुडी भरली, तर पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नये, कारण गोळीने ताप उतरतो पण संसर्ग आत वाढत राहतो. चाचणीच्या डॉक्टरांना फोन करावा आणि निघावे. सही करण्यापूर्वीच हे ठरवून ठेवा: रात्री दोन वाजता ताप आला तर सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू करू शकणारे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, तिथे कोणत्या गाडीने जायचे, १०८ ची रुग्णवाहिका तुमच्या गावापर्यंत येते का, आणि तिथल्या डॉक्टरांना चाचणीच्या डॉक्टरांचा फोन नंबर कसा मिळेल. चाचणीचे ओळखपत्र रुग्णाच्या खिशात असावे आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावा. आशाताईंना या आजाराची आणि औषधाची कल्पना देऊन ठेवली तर त्या वेळी फार मदत होते. या प्रश्नांची उत्तरे जुळत नसतील, तर पेशी तीव्रपणे घटवणाऱ्या जोडीत जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. निदान पहिली काही चक्रे शहरात नातेवाइकांकडे राहण्याची सोय तरी करावी. रोगप्रतिकारक पेशींना थेट लिम्फोमाच्या पेशीशी जोडणारी जी नवी औषधे आली आहेत, त्यांत सुरुवातीच्या मात्रांनंतर अंगभर दाह होऊन ताप येणे, रक्तदाब उतरणे असे घडू शकते. तिथे रुग्णालयाजवळ राहणे ही उपचाराचीच अट समजावी.

चाचणी सुरू झाल्यावर

सुरुवातीला हिपॅटायटिस बीची तपासणी होते, कारण रिटुक्सिमॅबमुळे यकृतात दडलेला हा विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो. पूर्वी कावीळ झाली असेल, क्षयाचा उपचार झाला असेल, तर तारखेसह सांगावे. रिटुक्सिमॅबची पहिली सलाईन मुद्दाम हळू देतात; त्या वेळी थंडी वाजणे, अंग खाजणे, धाप लागणे असे काही वाटले तर सहन न करता लगेच परिचारिकेला सांगावे.

लेनालिडोमाइडची कॅप्सूल असेल तर नियम कडक असतात. गर्भातल्या बाळाला या औषधाने गंभीर व्यंग होऊ शकते, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला गर्भधारणा टाळावी लागते आणि वेळोवेळी गर्भधारणेची तपासणी करावी लागते, आणि पुरुष रुग्णालाही निरोध वापरावा लागतो. ही गोष्ट सासू-सासऱ्यांसमोर बोलायला अवघड वाटते. डॉक्टरांकडे पती-पत्नींनी वेगळा वेळ मागावा. कॅप्सूल उघडू नये, घरातल्या गरोदर बाईने तिला हात लावू नये, आणि ही औषधे चालू असताना रक्तदान करू नये. पाय एकाएकी सुजला, पोटरी दुखू लागली किंवा छातीत कळ आली तर रक्ताची गुठळी असू शकते. ते त्याच दिवशी कळवावे.

गोळ्यांची नोंदवही रोज भरा. गोळी चुकली तर चुकली असेच लिहा. एकदम दोन घेऊ नका आणि वहीत खोटी खूण करू नका, कारण त्यावरूनच पुढच्या रुग्णांची मात्रा ठरते. उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटे परत न्यावी लागतात. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या घरात औषध कुठे ठेवायचे हे को-ऑर्डिनेटरला विचारून घ्या. गावातल्या डॉक्टरांकडून कोणतेही इंजेक्शन किंवा गोळी घेण्यापूर्वी, आणि वैदूचा काढा किंवा जडीबुटी घेण्यापूर्वी, चाचणीच्या डॉक्टरांना विचारावे. काही साधी अँटिबायोटिक आणि बुरशीवरची औषधेही चाचणीच्या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढवू शकतात. फवारणीचे काम या काळात दुसऱ्याकडे सोपवावे. शेणा-मातीच्या कामात हाताला पऱ्हाटीचे खुंट लागले, काटा रुतला, तर जखम लगेच धुऊन झाकावी आणि तिच्यावर लक्ष ठेवावे.

भरती व्हावे लागले, मग ते कोणत्याही रुग्णालयात असो, चाचणीच्या डॉक्टरांना तत्काळ कळवा. गंभीर प्रतिकूल घटना त्यांना २४ तासांच्या आत औषध नियंत्रकांना, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवावी लागते. तुमचा उशिरा गेलेला निरोप म्हणजे त्यांची उशिरा गेलेली सूचना, आणि भरपाईचा प्रश्न आला तर त्याच नोंदी पाहिल्या जातात.

परिणाम पेट स्कॅनवर मोजतात. स्कॅनसाठी टोचलेल्या द्रव्याचे तेज गाठीत किती उरले, हे एक ते पाच अशा श्रेणीत लिहिले जाते. एक ते तीन चांगले मानले जाते. हा अहवाल मागून घ्या आणि फाइलमध्ये तारखेनुसार लावा. पहिल्या उपचारानंतर दोन वर्षांच्या आत आजार परतला तर तो अधिक गंभीरपणे घेतला जातो, म्हणून त्या काळातली एकही भेट टाळू नये, तब्येत ठणठणीत असली तरीही.

बाहेर पडायचे ठरवले तर औषध मनानेच बंद करून घरी बसू नका. डॉक्टरांना सांगा, शेवटची सुरक्षिततेची तपासणी करून घ्या, आणि पुढचा उपचार काय असेल हे लिहून घ्या. चाचणीत असताना, संपल्यावर किंवा सोडल्यावर, एखादी गाठ इतर गाठींपेक्षा भराभर वाढू लागली, किंवा रक्तातले एलडीएच (पेशी भराभर वाढत असल्या की चढणारा घटक) एकदम चढले, तर नव्या बायोप्सीची मागणी करा. सावकाश चालणारा लिम्फोमा काही रुग्णांत वेगाने वाढणाऱ्या प्रकारात बदलतो. त्याचा उपचार वेगळा असतो आणि त्यात मात्र आठवडाभराचाही वेळ दवडू नये.